जुन्या मोटारीला नवी नळी



वसंतातल्या या व्याख्यानांत थोर पुरुषांची चरित्रे, राज्यांचे उदयास्त आणि संतांची शिकवण ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या पंक्तीत मोटारीच्या धुराची नळी आणून बसवावी, हे कित्येकांस विचित्र वाटेल. तथापि ज्या माणसाचे आयुष्य कारखान्यांच्या दारांत सभा घेण्यात गेले, त्याला इतिहास सापडतो तो बहुधा अशाच ठिकाणी, म्हणजे यंत्राच्या खाली वाकून पाहिल्यावर. म्हणून आज आम्ही आपणांस थोडे वाकावयास सांगणार आहोत.

या विषयाला निमित्त झाले ते असे. आमच्या युनियनमधले एक निवृत्त फिटर आहेत. त्यांच्यापाशी १९६८ सालची फियाट ११०० आहे. ती त्यांनी हौसेने पुन्हा उभी केली. रंग, काचा, गाद्या, दिवे, सारे जुन्या वळणाचे. दोन वर्षांपूर्वी गणपतीला ते सहकुटुंब त्याच गाडीने कोकणात निघाले. आम्हीही बरोबर होतो. पाऊस होता, म्हणून काचा वर केलेल्या. घाट लागण्याच्या आधीच मागे बसलेल्या वहिनींचे डोके चढले, मळमळू लागले, आणि पुढे त्या गुंगीतच गेल्या. आम्ही सगळ्यांनी एकमुखाने निदान केले, की त्यांना गाडी लागली. लिंबू दिले, आल्याची वडी दिली. चहाला थांबलो, मोकळ्या हवेत पाऊण तास गेला, आणि वहिनी खडखडीत बऱ्या झाल्या. पुन्हा गाडीत बसलो, पुन्हा तेच! तेव्हा कुठे फिटरसाहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी गाडीखाली डोके घातले. सायलेन्सरच्या पुढचा सांधा गंजून उघडा पडला होता, आणि मागच्या सीटखालच्या पत्र्याला करंगळी जाईल एवढे भोक होते. पुढचा सारा प्रवास काचा खाली करून, भिजत झाला.

परत आल्यावर प्रश्न उभा राहिला, की नवी नळी कोणती बसवावी? त्यांचे चिरंजीव म्हणाले, स्टेनलेस स्टीलची. गॅरेजवाला म्हणाला, जरा मोठ्या व्यासाची, मोकळ्या आवाजाची. जुन्या गाड्यांचे एक शौकीन म्हणाले, कुर्ल्यात बसली होती तशीच, केसभर फरक नको. फिटरसाहेब आमच्याकडे पाहून म्हणाले, "भाऊ, तुम्ही इतके तंटे सोडवलेत. हाही सोडवा." तंटा सोडवावयाचा तर दोन्ही बाजूंची कागदपत्रे वाचावी लागतात. ती वाचता वाचता जे हाती आले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम गाडीविषयी. आपल्या देशात सुरुवातीला मोटारी परदेशातून सुट्या भागांत येत आणि इथे जोडल्या जात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईस शिवडीला असा जोडणीचा कारखाना काढला. गाडी इथेच घडली पाहिजे, हा आग्रह धरणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद पुढे होते. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले, की ज्यांना इथे खरोखर उत्पादन करावयाचे नाही, केवळ जोडकाम करावयाचे आहे, त्यांनी आवरते घ्यावे. जनरल मोटर्स गेली; प्रीमियर राहिली. इटलीच्या फियाटची ११०० कुर्ल्यात होऊ लागली, १९६४ पासून तिचा 'डी' नमुना निघाला, आणि पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच गाडी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली आणि ती रस्त्यावरून गेली.

म्हणजे आता जी फियाट उरली ती शौकिनांच्या दारात. २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केला, की पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद करता येईल. मात्र सांगाडा, बाह्य कवच, एंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालणार नाही, आणि अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येणार नाही. या यादीत धुराच्या नळीचे नाव नाही. इथे कायदा माणसाच्या विवेकावर सोडून देतो. म्हणूनच प्रश्न कठीण होतो.

आता ही नळी मुळात गंजते का, ते पाहू. एंजिनाच्या बाजूला बिडाचा मॅनिफोल्ड असतो. तिथून पुढची नळी, मग सायलेन्सरचा डबा, मग शेपटीची नळी, आणि हे सारे गाडीच्या पोटाखाली रबरी पट्ट्यांनी लटकवलेले. बाहेरून पावसाचा चिखल लागतो हे खरे. पण खरा शत्रू आत असतो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. एंजिन तापले असेल तर वाफ बाहेर पडते. नळी गार असेल तर ती डब्यात ठिबकते, आणि धुरातल्या गंधकादी द्रव्यांशी मिळून सौम्य आम्ल होते. म्हणून मुंबई-पुणे करणाऱ्या गाडीपेक्षा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन परतणाऱ्या गाडीचा डबा लवकर सडतो. आणि शौकिनाची गाडी तर बहुधा पाच मिनिटे सुरू करून पुन्हा झाकून ठेवलेली! जपणुकीनेच तिचा घात होतो.

मोटारीच्या जन्मकाळी सायलेन्सर असावाच असे कोणाला वाटत नव्हते. एंजिनात प्रत्येक वेळी जळलेला वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतो. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला असे शंभर धक्के हवेला बसतात. रस्त्यावर तेव्हा घोडे होते, आणि घोडे बुजत. अमेरिकेत इंडियाना प्रांतातल्या कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्हज या बंधूंनी १८९७ मध्ये आवाज दाबणाऱ्या डब्याचे पेटंट घेतले. युक्ती साधी आहे. वायूला सरळ बाहेर न सोडता भोकांच्या नळ्यांतून, कप्प्यांतून फिरवावयाचे, म्हणजे आवाजाची एक लाट परतून दुसरीवर आदळते आणि दोघी मावळतात. पुढे हायरम पर्सी मॅक्सिम याने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले आणि तेच तत्त्व एंजिनांना लावले. ज्याच्या बापाने जगाला मशीनगन दिली, त्याच्या मुलाने आवाज दाबण्याचे साधन विकावे, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा.

पण मोटारवाल्यांना हा डबा रुचला नाही. त्यांचा समज असा, की डबा शक्ती खातो. म्हणून अनेक जुन्या गाड्यांत एक झडप ठेवलेली असे. पायाने कळ दाबली की धूर डबा चुकवून थेट बाहेर पडे आणि गाडी गर्जत चढण चढे. गावोगावच्या लोकांनी तक्रारी केल्या. कित्येक शहरांनी ही झडप उघडण्यास बंदी केली. या हकीकतीतून आम्हांस एक गोष्ट दिसली, आणि तीच आमच्या सांगण्याचा गाभा आहे. मोटारीतली गादी मालकासाठी, दिवे मालकासाठी, एंजिनही मालकासाठीच. ही नळी तेवढी मुख्यतः दुसऱ्यांसाठी आहे. रस्त्यावरून चालणाऱ्यासाठी, घरात निजलेल्या आजाऱ्यासाठी, मागे बसलेल्यासाठी. म्हणून तिच्यातली प्रत्येक सुधारणा मालकाच्या इच्छेने कमी आणि दुसऱ्यांच्या मागणीने अधिक झाली.

या नळीतून काय बाहेर पडते, याचाही इतिहास असाच आहे. १९२१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली याला शोध लागला, की शिशाचे एक संयुग पेट्रोलात चिमूटभर घातले तर एंजिन ठोकत नाही. १९२३ मध्ये ते पेट्रोल विकावयास आले. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे संयुग बनविणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले आणि पाच जण दगावले. मिजलीने वार्ताहरांपुढे त्या द्रवाने हात धुऊन दाखवले. वास्तविक आदल्याच वर्षी शिशाने तो स्वतः आजारी पडला होता. अॅलिस हॅमिल्टन या कामगारांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरबाईंनी इशारा दिला, येल विद्यापीठाच्या यँडेल हेंडरसन यांनी दिला. पण ऐकले कोणी नाही. शिसे राहिले. आपल्याकडे ते पुरते गेले २००० च्या फेब्रुवारीत, आणि जगात शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये. तेही गेले त्याला मोठे निमित्त झाले नळीत बसवावयाच्या एका नव्या डब्याचे. विषारी वायू शमवणारा तो उत्प्रेरक शिशाने निकामी होतो. आपल्या चार महानगरांत १९९५ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना तो आला, आणि त्याच्यासाठी बिनशिशाचे पेट्रोल आणावे लागले. पाच कामगारांचे मरण जे करू शकले नाही, ते एका डब्याने केले! ही गोष्ट आम्ही कामगारांच्या सभांत अनेकदा सांगतो, आणि सांगताना दर वेळी जीभ कडू होते.

आता वहिनींच्या डोकेदुखीकडे येऊ. जुन्या गाडीला तो उत्प्रेरक नाही. तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. अशा गाड्यांसाठी आपल्या नियमांनी एंजिन संथ चालत असताना आकारमानाने तीन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, म्हणजे जो अंश कायद्याला मान्य आहे तोच बंद गाडीत साठला तर प्राण घेईल. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. अगदी गाडी लागल्यासारखे. जे. एस. हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये दाखवून दिले, की कोळशाच्या खाणीतल्या स्फोटांनंतर कामगार मरतात ते बहुतांशी भाजून नव्हे, तर या वायूने. त्याच्याच सांगण्यावरून खाणीत छोटे प्राणी आणि कॅनरी पक्षी नेऊ लागले. माणसाच्या आधी पक्षी कोसळे आणि सूचना मिळे. त्या दिवशी आमच्या गाडीत ती सूचना वहिनींच्या रूपाने मिळत होती, आणि आम्ही शहाणे त्यांना आल्याची वडी चघळावयास देत होतो.

तेव्हा नळीच्या निवडीची पहिली कसोटी ठरली: ती कुठेही गळता कामा नये. आणि नळी बदलण्याआधी सीटखालचे भोक बुजवले पाहिजे.

दुसरी कसोटी जुनी नळी काढणाऱ्या माणसाची. जुन्या गाड्यांत मॅनिफोल्डच्या सांध्यातले पॅकिंग बहुधा अॅस्बेस्टॉसचे असते. मिस्त्री ते पटाशीने खरवडतो आणि हवेच्या नळीने फुंकतो. ती धूळ फुप्फुसात गेली की रोग दिसावयास वीस, तीस, चाळीस वर्षे लागतात. १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितले, की कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि त्याच्या प्रकृतीची नोंद चाळीस वर्षे ठेवली पाहिजे. कारखान्यासाठी हा निकाल झाला. कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या पोऱ्याची नोंद कोण ठेवणार? म्हणून आम्ही आग्रह धरला, की पॅकिंग पाण्याने भिजवून काढावे, फुंकू नये, आणि नवे घालताना बिनअॅस्बेस्टॉसचे घालावे. जुना डबा २००० पूर्वीचा असेल तर त्याच्या काजळीत शिसे असते, म्हणून तोही कोरडा ठोकू नये.

आता धातू. साध्या लोखंडी पत्र्याची नळी मूळची. स्वस्त, कोणालाही वाकवता व झाळता येणारी, पण गंजणारी. दुसरी अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पत्र्याची. तांब्याच्या भांड्याला कल्हई करावी तसा हा प्रकार. कल्हई टिके तोवर भांडे टिकते, आणि जिथे झाळले तिथे मुलामा जळतो. तिसरी स्टेनलेस. हे पोलाद १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीच्या हाती लागले. बाप पोलाद वितळवणारा मजूर, मुलाने बाराव्या वर्षी शाळा सोडली, प्रयोगशाळेत बाटल्या धूत धूत रसायन शिकला. बंदुकीच्या नळीची झीज थांबवता येते का हे तो पाहत होता. हाती आले ते न गंजणारे पोलाद. शाळा अर्धवट सुटलेल्या आमच्यासारख्याला हा मनुष्य आपला वाटतो, आणि म्हणून त्याच्या धातूविरुद्ध निकाल देणे जिवावर आले.

स्टेनलेसच्याही जाती आहेत. ३०४ जातीत सुमारे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते. ते चांगले टिकते. ४०९ जातीत क्रोमियम सुमारे अकरा टक्केच. त्याला चुंबक लागतो आणि वरवर गंज चढतो, पण नव्या गाड्यांना कारखान्यांतून तेच फार वापरतात. दुकानदार नुसते 'स्टीलचे' म्हणतो, तेव्हा कोणते, हे विचारावे. ३०४ तापल्यावर अधिक वाढते. तीन मीटर लांबीची नळी तीनशे अंशांनी तापली, तर साधे पोलाद सुमारे ११ मिलिमीटर वाढते आणि हे १५. जुन्या पट्ट्यांना तेवढी सैल नसेल तर ताण सांध्यावर येतो, आणि सांधा हीच तर आपली पहिली काळजी. पातळ पत्र्याचा आवाजही किणकिणतो. शिवाय स्टेनलेस झाळताना निघणाऱ्या धुरात क्रोमियमचे विषारी रूप असते. झाळकामाचा धूर कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये दिला. जिथे धूर ओढून घेणारा पंखा आहे तिथे हे काम करावे. बंद गाळ्यात नव्हे. आणि जस्त दिलेली पाण्याची नळी स्वस्तात वाकवून देणारा भेटला तर त्याला नमस्कार करून परतावे. जस्ताच्या धुराने झाळणाऱ्याला ताप भरतो.

आकाराविषयी थोडक्यात. नळी जितकी मोठी तितकी शक्ती अधिक, हा समज त्या जुन्या झडपेइतकाच पोकळ आहे. चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या एंजिनाला त्याच्या मापाची नळी लागते. ती फार रुंद केली तर वायूचा वेग मंदावतो, आणि संथ चालीत एंजिन उलट मरगळते. मिळतो तो केवळ आवाज, आणि तो ऐकावा लागतो शेजाऱ्यांना. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत एक कलम आहे, की धूर खाली किंवा डाव्या बाजूस सोडू नये. आपल्याकडे डावी बाजू म्हणजे पदपथाची, पायी चालणाऱ्याची. कायदे करणाऱ्याला तो दिसला होता, याचे आम्हांस समाधान वाटले. त्याच नियमांत नळी इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नसावी असेही आहे; नवी नळी बसवताना हे अंतर मोजूनच घ्यावे.

राहिला मूळ रूपाचा आग्रह. जुन्या वाहनांची जागतिक संघटना १९६६ पासून आहे. तिच्या ट्युरिन सनदेचा आशय असा, की जितके जुने राखता येईल तितके राखावे, बदल परतवता येण्याजोगा करावा, आणि नवा भाग नवा म्हणून ओळखू यावा अशी खूण ठेवावी. हे आम्हांस पटले. जुन्याची नक्कल करून ती जुनीच म्हणून मिरवणे म्हणजे कुर्ल्याच्या कामगाराच्या नावावर खोटी सही करणे होय. पण त्याने आखलेली वळणे, डब्याची जागा आणि माप हे त्याचे काम आहे. ते पुसण्याचाही आपणांस अधिकार नाही.

तेव्हा निकाल असा दिला. जुनी नळी नमुना म्हणून घ्यावी. पुढची नळी जाड लोखंडी पत्र्याची, डबा आणि शेपटी मुलामा दिलेल्या पत्र्याची. व्यास, वळणे आणि आवाज मूळचाच. सांध्याला नवे पॅकिंग, पट्ट्या नव्या. डब्यावर आतल्या बाजूस वर्ष कोरावे. महिन्यातून एकदा तरी गाडी पुरती तापेल इतकी चालवावी, म्हणजे आतले पाणी निघून जाईल. ही नळी दहा-बारा वर्षांत पुन्हा सडेल, हे आम्ही लपवले नाही. पण तेव्हा ती इथल्याच मिस्त्रीला, इथल्याच हत्यारांनी पुन्हा करता येईल. चिरंजीवांना ते फारसे रुचले नाही. स्टेनलेस आयुष्यभर टिकले असते, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्याच्याकडे चांगला झाळणारा आणि सैल पट्ट्यांची सोय आहे त्याने ते जरूर घ्यावे. आमच्या मिस्त्रीच्या गाळ्यात पंखा नव्हता, एवढ्यावर तराजू झुकला.

नळी बसली त्या दिवशी आम्ही गेलो होतो. गाडी उघड्यावर उभी करून सुरू केली. मिस्त्रीने शेपटीच्या तोंडाशी ओला बोळा क्षणभर धरला आणि आम्ही सारे कान देऊन उभे राहिलो. सांधा गळत असेल तर अशा वेळी फुसकारा ऐकू येतो. एका ठिकाणी आला. त्याने बोळा काढला, गाडी बंद केली, नळी निवेपर्यंत बिडी ओढली, आणि दोन नटांना अर्धा अर्धा फेरा दिला. दुसऱ्यांदा फुसकारा आला नाही. मग वहिनी मागच्या सीटवर जाऊन बसल्या. फिटरसाहेबांनी मागे वळून विचारले, "काचा खाली करू का?"

"राहू देत वर," त्या म्हणाल्या. "आता बघू या."

अर्धा तास गाडी फिरवून आणली. डोके दुखले नाही. एवढेच सांगावयाचे होते.